माप पुढ्यात ठेवा

(साक्कोट्टै, कुंभकोणम इथल्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)

समोर तंजावरी मराठी बोलणारे इथले वडीलधारे आहेत, आणि रात्रभर गाडीत बसून महाराष्ट्रातून आलेले पाहुणेही.

सुरुवातीलाच दोन गोष्टींची हमी देऊन टाकतो. पहिली, सांबाराचा शोध तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात कसा लागला, ही गोष्ट मी सांगणार नाही. ती तुम्ही माझ्यापेक्षा चांगली रंगवता, आणि तिला कागद कुठला, असं कुणी विचारलं की तुम्हीही हसता आणि मीही हसतो. दुसरी हमी, मी तासाच्या आत थांबेन. थांबलो की नाही ते समोरच्या घड्याळात बघा. संकोच करू नका, बघाच. कारण आजचा विषयच तो आहे.

संयोजकांनी विषय दिला तो असा : स्वतःवरचा विश्वास आणि माणसामाणसांतला विश्वास. या विषयावर बोलणं फार सोपं असतं. विश्वास ठेवा, मन मोठं करा, संशय हा नात्याचा शत्रू, असं म्हणत गेलं की टाळ्या पडतात आणि सगळे सुखानं घरी जातात. मला यातलं काही पटत नाही. आपल्याकडे भावाला पैसे देताना चिठ्ठी मागितली की अपमान होतो. सोसायटीच्या सभेत खजिनदाराला वही दाखवा म्हटलं, की तो उठून उभा राहतो आणि विचारतो, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का? मी म्हणतो, हा प्रश्न विचारणाऱ्यावरच जरा नजर ठेवावी. ज्याला विश्वास हवा त्यानं आधी आपली वही उघडी ठेवावी. आपल्याला तपासायची सोय तो समोरच्याला करून देतो का, यावर विश्वास जमतो की मोडतो हे ठरतं.

कुंभकोणमची डिग्री कॉफी तुम्हाला सांगायला नको. जुने लोक सांगतात, दूध आलं की त्यात लॅक्टोमीटर सोडायचा, पाणी घातलंय का ते बघायचं, आणि मगच ते चुलीवर चढायचं. यात गवळ्याचा अपमान नव्हता. उलट ज्याचं दूध रोज मापाला उतरतं, त्याचा रतीब पिढ्यान्‌पिढ्या चालायचा. मापाला ना म्हणणाऱ्याचा रतीब दुसऱ्या दिवशी बंद. एवढंच माझं म्हणणं आहे. आता ते इतिहासात खरं ठरतं का, ते पाहू.

सुरुवात या गावापासून. साक्कोट्टै म्हटलं की अमृतकलशनाथाचं देऊळ आठवतं, शैव संत सुंदररांनी गायिलेलं, महामहम उत्सवाशी जोडलेल्या बारा शिवस्थानांपैकी एक. पण या गावानं आणखी एक मोठी गोष्ट दिली आहे, आणि तिचं इथेही फारसं कुणी नाव घेत नाही. १८७१ साली इथे एक मुलगा जन्मला : कृष्णस्वामी अय्यंगार. पुढे मद्रास विद्यापीठात ते भारतीय इतिहासाचे प्राध्यापक झाले, १९१४ ते १९२९. त्या काळी विजयनगरचा इतिहास म्हणजे रॉबर्ट स्युएलचं १९०० सालचं पुस्तक, आणि त्याचा मुख्य आधार म्हणजे पाएश आणि नुनिश या पोर्तुगीजांची वर्णनं. आपल्या राजधानीची रुंदी किती, बाजार कसा, राजा दिसायला कसा, हे आपण परक्यांच्या तोंडून ऐकायचं. अय्यंगारांनी १९१९ साली एक जाड संकलन काढलं. संस्कृत, तेलुगू, तमिळ काव्यं, स्तोत्रं, पुराणं यांतले उतारे काढले आणि म्हणाले, ही घ्या इतिहासाची साधनं.

आता यात आत्मविश्वास कुठे आहे? आमचे कवी म्हणतात तेच खरं, असं ते म्हणाले असते तर तो नुसता अभिमान झाला असता, आणि अभिमानाला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. त्यांनी आपल्याच घरची काव्यं शिलालेखांसमोर उभी केली. कवी राजाला त्रैलोक्याचा स्वामी म्हणतो ते सोडून द्या, पण त्याच सर्गात तो कुठल्या किल्ल्याचं आणि कुठल्या सरदाराचं नाव घेतो ते धरून ठेवा, आणि ताम्रपटात शोधा. जुळलं तर घ्या. आपल्या वस्तूवर खरा भरवसा असलेला माणूसच ती अशी परीक्षेला बसवतो. ज्याला आतून धाकधूक असते, तो ती देव्हाऱ्यात ठेवून कुलूप लावतो.

तिकडे महाराष्ट्रात वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरीच अडचण होती. वाड्यावाड्यांत दप्तरं होती आणि लोक ती दाखवायला तयार नव्हते. का असावेत? इंग्रजांच्या इनाम कमिशननं कागद बघायला मागितले होते, आणि ज्यांनी कागद दाखवले त्यांतल्या कित्येकांची इनामं गेली होती. ती आठवण ताजी होती. तेव्हा माप पुढ्यात ठेवा म्हणताना मोजणारा कोण आहे हेही बघावं लागतं. माझ्या सिद्धान्ताला पडलेलं हे पहिलं भोक मीच दाखवून ठेवतो, म्हणजे प्रश्नोत्तरात तुमचा वेळ वाचेल.

आता नात्यांकडे येऊ. आणि नात्यांवर बोलायचं, तर तंजावरच्या भोसल्यांइतकं सोयीचं घर दुसरं नाही.

१६७७ सालचा पावसाळा. शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले होते आणि त्यांचा तळ कोळ्ळिडमच्या उत्तरेला तिरुमळवाडीला पडला होता. इथून फार लांब नाही ते. सावत्रभाऊ व्यंकोजीराजे, तुम्ही ज्यांना एकोजी म्हणता, ते भेटीला आले. भेट झाली, पंगती झाल्या, काही दिवस आनंदात गेले. मग वडिलांच्या दौलतीचा विषय निघाला. शहाजीराजे १६६४ साली वारले होते आणि त्यांची कर्नाटकातली सगळी दौलत व्यंकोजींकडे होती. थोरल्या भावानं अर्धा वाटा मागितला. धाकट्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आणि एका रात्री व्यंकोजीराजे तळावरून निघाले, नदी ओलांडली आणि तंजावर गाठलं. सकाळी थोरल्याला कळलं, भाऊ पळून गेला. सभासदाच्या बखरीत महाराजांचं दुःख आलं आहे. धाकट्यानं आपल्याला असं ओळखावं, आपण त्याला कैद करू असं त्याला वाटावं, याचं ते दुःख.

कोण चुकलं? मराठी वाचक सहसा व्यंकोजींना नावं ठेवतो. मी तसं करणार नाही, निदान या गावात तरी करणार नाही. पण एवढं बघा, की दोघांच्या प्रेमाच्या भेटीत एकही कलम ठरलेलं नव्हतं. किती वाटा, कशाच्या बदल्यात, नाही म्हटलं तर काय, आणि हजारोंची फौज कुणाची? फौजेच्या तळात बसून दुसऱ्यानं मन मोकळं करावं, अशी अपेक्षा थोरल्याची होती. मोकळं होत नसतं ते.

पुढे लढाई झाली, व्यंकोजींच्या सैन्याला मार बसला, आणि मग तह झाला. दीपाबाईंनी नवऱ्याला समजावलं, कारभारी रघुनाथपंत हणमंते मध्ये होते. या तहात भावनेचं एक वाक्य शोधून सापडणार नाही अशी कलमवार वाटणी होती, आणि बेंगळूर, होसकोटे, शिरे हे प्रांत दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिले होते. ही चोळीबांगडी मला फार आवडते. ज्या बाईनं भांडण मिटवलं तिचं नाव तहात आहे, आणि हक्कही. पुढे व्यंकोजी खचले, कारभारातून मन काढून घेतलं, तेव्हा थोरल्यानं त्यांना पत्र लिहून कामाला लावायचा प्रयत्न केला. रिकामं बसू नका, स्वतः काही करून दाखवा, असा त्या पत्राचा सूर आहे. भाऊ भावाला असं लिहू शकला तो तहानंतर. आधी कलमं, मग माया. हा क्रम आपल्याला रुचत नाही, पण घडलं ते याच क्रमानं.

आता एकशेदहा वर्षं पुढे या. १७८७. तंजावरचे तुळजाराजे मरणपंथाला लागलेले, पोटी मूल उरलेलं नाही. त्यांनी भोसल्यांच्याच शाखेतला नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला : सरफोजी. जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांना बोलावून म्हणाले, मुलगा तुमच्या हवाली. पाद्रीबाबांनी सुचवलं, सावत्रभाऊ अमरसिंग आहेत, पालक त्यांना करा. राजानं मानलं. किती रीतसर, किती घरगुती! तुळजाराजे गेले, आणि अमरसिंगांनी गादीवरच हक्क सांगितला. मद्रासहून कंपनीचे गव्हर्नर आले, त्यांनी पंडितांना विचारलं, पंडित म्हणाले दत्तक अशास्त्र. अमरसिंग राजे झाले. मुलाचे हाल झाले, कोंडून ठेवलं गेलं. १७९३ साली श्वार्ट्झनी मुलाला आणि तुळजाराजांच्या राण्यांना मद्रासला हलवलं. मग पुन्हा पंडितांना विचारणा झाली, या वेळी काशीपर्यंत. पंडित म्हणाले, दत्तक सशास्त्र.

मुलगा तोच. दत्तक तोच. शास्त्र तेच. बदललं काय? ज्याच्या हातात न्याय दिला त्याची सोय बदलली.

१७९८ च्या जून महिन्यात सरफोजी गादीवर आले आणि १७९९ च्या ऑक्टोबरात राज्याचा सगळा कारभार तहानं कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला किल्ला, वर्षाला एक लाख पागोडे, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. अमरसिंगांना तैनात मिळाली, मुक्काम तिरुविडैमरुदूर. इथून बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. तिथेच १८०२ साली ते वारले. काका हरला आणि पुतण्याही हरला, म्हणजे भांडणात जिंकलं कोण ते सांगायला नको. घरातल्या दोघांना एकमेकांचं माप घ्यायला भरवशाची जागा नव्हती, म्हणून माप तिसऱ्याच्या हातात गेलं. मी मघाशी ज्या भोकाचं बोललो, ते हेच.

श्वार्ट्झ मात्र सरफोजींना गादीवर बसलेलं पाहू शकले नाहीत, १७९८ च्याच फेब्रुवारीत गेले. तंजावरला शिवगंगेजवळच्या चर्चमध्ये जा. भिंतीवर पांढरा संगमरवर आहे, इंग्लंडमधल्या फ्लॅक्समननं कोरलेला. म्हातारा पाद्री खाटेवर पडलेला, पायथ्याशी मुलं, आणि मराठा राजा वाकून त्याचा हात हातात धरून उभा. पैसे सरफोजींचे, आणि पाद्रीबाबांवर इंग्रजी ओळीही त्यांनी रचल्या. धर्म वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी. सख्ख्या घरात जे मिळालं नाही ते या माणसाकडून मिळालं, हे राजानं दगडात लिहून ठेवलं. राज्य गेल्यावर सरफोजींनी कंपनीशी हट्ट धरला तो छत्रांसाठी. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूला जेवण, आजाऱ्याला औषध, पोरक्याला आसरा, हे आमच्या घराच्या नावानं चालतं, ते आमच्याच हाती राहू द्या. या छत्रांचा जमाखर्च मोडीत लिहिलेला आजही तंजावरच्या कागदांत वाचता येतो. तांदूळ किती, डाळ किती, जेवले किती. दानाचासुद्धा हिशेब.

आता मी ज्या माणसाकडे यायला उतावीळ आहे त्याच्याकडे येतो. १८२८ साली कुंभकोणमात जन्मलेले, तुमच्यातलेच, घरात मराठी बोलणारे सर टी. माधवराव.

मद्रासला शिकले, आणि १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले. पुढे कारभारात शिरले, आणि एकोणतीस वर्षांचे असताना त्याच संस्थानाचे दिवाण झाले. खजिना रिकामा, देणी डोक्यावर. त्यांनी काय केलं? सरकारच्या हातातल्या गोष्टी एकेक करून सोडून दिल्या. मिरीचा मक्ता सोडला, मग तंबाखूचा. तंबाखू सरकारनंच विकत घ्यायचा आणि सरकारी दरानं विकायचा, त्यामुळे चोरटा व्यापार आणि छळ दोन्ही. मक्ता काढून साधी जकात बसवली आणि ती पुढे उतरवत नेली. १८६५ च्या जाहीरनाम्यानं सरकारी जमिनीवरच्या कुळांना कायमची, विकता येणारी, वारसाला जाणारी मालकी दिली. म्हणजे काय झालं? सरकारच्या मनात आलं तरी आता तुला काढता येणार नाही, असं सरकारनं स्वतःच लिहून दिलं. आपलेच हात बांधून घेतले. जमिनीत पैसा घालायची लोकांची हिंमत झाली ती यानंतर. आणि दरवर्षी कारभाराचा अहवाल छापून काढायची शिस्त लावली, वसूल किती, खर्च किती. १८६३ पर्यंत संस्थान कर्जातून सुटलं होतं. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे, चौकाचं नावच स्टॅच्यू पडलंय, आणि तिथे बस पकडणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना हा माणूस कुंभकोणमचा मराठी होता हे ठाऊक नसेल.

माधवरावांची आरती करायला मी उभा नाही. १८५९ साली दक्षिण त्रावणकोरात नाडर बायकांनी अंगावर वस्त्र घेण्यावरून दंगे झाले, आणि दरबारानं परवानगी दिली तीही अशी, की वस्त्र घ्या, पण वरच्या जातीच्या बायकांसारखं नको. तेव्हा दिवाण हेच होते. ज्यांनी हिशेब मागायचा त्या यादीत या बायका नव्हत्याच. कुणाला माप घेऊ द्यायचं हे ठरवणाराही कुणीतरी असतो, आणि तो बहुधा आपल्यासारखाच असतो.

या गावात हे बोलताना १६ जुलै २००४ टाळता येत नाही. कुंभकोणमच्या एका शाळेत जेवणाच्या स्वयंपाकाची आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. आईबापांनी सकाळी मुलं विश्वासानं सोडली होती. छप्पर, जिना, वर्गातली गर्दी, हे तपासायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही. आईबापांचा विश्वास कमी पडला का? माप घ्यायच्या जागेवरची माणसं कमी पडली. नंतर राज्यभरातल्या शाळांवरची गवती छपरं उतरवायचा हुकूम निघाला. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरची ती आठवण असेल, म्हणून मी यावर जास्त बोलत नाही.

माधवरावांकडे परत. १८७२ साली त्रावणकोर सुटलं. महाराज आयिल्यम तिरुनाळ आणि दिवाण यांचं बिनसलं. महाराज म्हणजे त्यांचेच शिष्य. एकेकाळी पाटीवर गणित घातलेला मुलगा गादीवर बसला, तरी गुरू गुरूच राहिला असेल का? मला तसं वाटतं. हा माझा तर्क, त्याला कागद नाही.

पुढे इंदूर, आणि १८७५ साली बडोदं. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलेलं, रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप, राज्यात कुणाचा कुणाला भरवसा नाही. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. तोच सयाजीराव. विचार करा, अशा मुलाला स्वतःवर विश्वास कुठून यायचा? तू हुशार आहेस, तू राजा आहेस, असं सांगणारे भाट बडोद्यात हवे तेवढे होते. माधवरावांनी १८८१ साली त्याला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली, ती पुढे छापली गेली. पराक्रमाच्या गोष्टी त्यांत शोधू नका. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, घाईनं शब्द देऊ नये, जाणत्या माणसाकडे काम सोपवलं की ते त्याला करू द्यावं, असं सगळं रुक्ष. राजानं स्वतःला कुठे कुठे बांधून घ्यायचं त्याची ही यादी. अठरा वर्षांच्या मुलाला ती ऐकताना कंटाळा आला असणार.

त्याच वर्षी डिसेंबरात सयाजीरावांना अधिकार मिळाले, आणि १८८२ साली मतभेद होऊन माधवराव बडोदं सोडून गेले. लोक याला कृतघ्नपणा म्हणतात. मी म्हणेन शिकवणी फुकट गेली नाही. शिष्य आता गुरूचंही माप घेत होता. याच राजानं १८९३ साली अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला लागू केलं. सरदाराच्या पोरालाच नव्हे, गावातल्या कुणालाही उद्या सरकारी कागद वाचता यावा, याची तजवीज एका कधीकाळच्या निरक्षर मुलानं केली. गुरूनं यातलं किती पाहिलं? १८९१ साली मद्रासला ते वारले. शेवटच्या वर्षांत मुलांना कसं वाढवावं यावर टोपणनावानं एक पुस्तिका काढली, आणि मुलांसाठी थोडी मराठी पद्यंही रचली.

घड्याळात सात मिनिटं उरली आहेत. ती एका कामासाठी वापरतो.

तुमच्यातल्या काही घरांत माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या कपाटात मोडीतले कागद असतील. सनदा, छत्राच्या जमिनीचे हिशेब, सोयरिकीची पत्रं. ते कुणाला दाखवायचं म्हटलं की तुम्ही बिचकता. राजवाड्यांच्या वेळी लोक बिचकले तसंच. तुमचं बिचकणं मला चुकीचं वाटत नाही. पण वाळवी कुणाची वाट बघत नाही. तेव्हा असं करा : मूळ कागद हातातून सोडू नका. जाणकाराला घरी बोलवा, तुमच्यासमोर फोटो काढू द्या, वाचून घ्या. नेणं भागच असेल तर पानं मोजा, प्रत्येक पानावर पेन्सिलीनं आकडा घाला, कधी परत आणणार ते लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा. नेणारा माझ्यासारखा पाहुणा असेल, गोड बोलत असेल, चार वेळा तुमची कॉफी प्यायलेला असेल, तरी पावती घ्या. आणि पावती मागितल्यावर ज्याचा चेहरा पडेल, त्याला कागद देऊ नका.

तिकडे मागे एक हात मघापासून वर आहे. बोला, ताई.